न झालेली जखम कापडावर कशी दाखवायची: सायनोटाइपच्या कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी

कोर्समध्ये काम मिळालंय, 'माझं नर्सिंगचं तत्त्वज्ञान' कुठल्याही कलेतून मांडायचं आणि सोबत एक पान लिहून द्यायचं. सहा आठवडे आहेत. पुढच्या बॅचलाही हेच असणार म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवतेय, काय फसलं ते जास्त लिहीन कारण जमलेलं तर समोर दिसतंच.

मी अकरा वर्षं वॉर्डात आहे. चित्रकला शाळेनंतर सुटली. तरी पहिल्या दिवशी वॉटरकलर काढून बसले आणि तीन संध्याकाळी एकच चित्र करत राहिले, दोन हातांच्या ओंजळीत हृदय, मागे दिव्याचा उजेड.

५ फेब्रुवारी

ते चित्र बाद. वाईट जमलं म्हणून नाही, बरं जमलं होतं. पण भिंतीला लावून लांबून बघितलं तर शुभेच्छापत्रासारखं दिसत होतं, त्यात माझं असं काहीच नव्हतं, नर्सिंगशी संबंध नसलेल्या माणसानेही अगदी हेच काढलं असतं. कोणी हे काम करणार असेल तर ही परीक्षा आधी करा, चित्रातली टोपी, दिवा आणि स्टेथोस्कोप मनातल्या मनात पुसून टाका आणि मग काय उरतं ते बघा. माझ्यात काहीच उरलं नाही.

तीन संध्याकाळी गेल्या. मग उलट दिशेने सुरू केलं, कला बाजूला ठेवली आणि आधी एक वाक्य शोधायचं ठरवलं. मी ड्युटीवर सगळ्यात जास्त वेळा काय लिहिते? उत्तर सापडायला दोन मिनिटं पण लागली नाहीत. 'स्किन इंटॅक्ट', म्हणजे कातडी शाबूत आहे. पडून असलेल्या पेशंटला कुशीवर वळवायचं, टाचा उशीने अधांतरी ठेवायच्या, माकडहाड बघायचं, चादरीची चुणी काढायची, ओलं असेल तर बदलायचं, आणि एवढं करून चार्टवर फक्त दोन शब्द. बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणारी जखम, झाला तर पानभर लिहावं लागतं, फोटो, मापं, रिपोर्ट सगळं. झाला नाही तर दोन शब्द आणि पुढचा बेड.

म्हणजे माझं चांगलं काम हे 'काहीतरी न होणं' आहे. हेच मांडायचं. आता जे झालंच नाही ते दाखवायचं कसं, इथे अडकलेय.

८ फेब्रुवारी

मातीवर हात दाबून साचे घ्यायचा प्रयत्न केला. दिसायला छान, पण अर्थ बरोबर उलटा होतो. मातीवर दाबलं की खळगा पडतो, म्हणजे दाबाने झालेली इजा मीच दाखवतेय, आणि माझाच हात ती करतोय. एक रविवार गेला.

संध्याकाळी सायनोटाइपचं आठवलं, एका मैत्रिणीने पानांचे ठसे काढले होते. कापडावर द्रावण लावायचं, अंधारात वाळवायचं, वर वस्तू ठेवून उन्हात न्यायचं. जिथे ऊन लागतं तिथे निळं होतं, जिथे वस्तूने ऊन अडवलं तिथे कापड पांढरंच राहतं. जॉन हर्शल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत काढली, पूर्वी इंजिनियर लोकांची निळी ब्लूप्रिंट याच पद्धतीने निघायची.

हाताने ऊन अडवलं म्हणून कापडाला काही झालं नाही, आणि ते न झालेलंच चित्र. मला अजून काही शोधायची गरज वाटली नाही.

११ फेब्रुवारी

रसायनं आली. दोनच लागतात. प्रमाण लिहून ठेवते:

पहिलं: हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, १०० मिली पाण्यात.
दुसरं: पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम, १०० मिली पाण्यात.

दोन्ही वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवायची आणि लागेल तेवढीच समसमान मिसळायची, मिसळलेलं द्रावण टिकत नाही. ग्लोव्हज घाला. फेरीसायनाइड नाव ऐकून घरचे घाबरले, साध्या हाताळणीत त्याचा धोका कमी आहे पण त्यात ॲसिड घालायचं नाही आणि तापवायचं नाही हे पक्कं लक्षात ठेवा. स्वयंपाकाची भांडी वापरू नका. बाटलीवर नाव, तारीख, प्रमाण लिहा, वॉर्डात लिहितो तसंच.

एक गोष्ट वाचून फार बरं वाटलं. उन्हानंतर कापडावर जे निळं तयार होतं ते प्रशियन ब्लू. तेच थॅलियम आणि किरणोत्सारी सीझियमच्या विषबाधेवर औषध म्हणून देतात. आणि बोन मॅरोच्या स्लाइडवर लोह बघायला जो निळा स्टेन करतात तोही हाच. म्हणजे हा रंग परका नाही, आपल्याच खात्यातला आहे.

१४ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न, पूर्ण फसला. मला भावनेने वाटलं की हॉस्पिटलची रद्द झालेली चादरच वापरावी, रीतसर विचारून एक घेतली, कापली, द्रावण लावलं, उन्हात सुंदर रंग आला आणि पाण्यात घातल्यावर सगळा निळा वाहून गेला, अगदी फिकट सावली उरली. कारण नंतर कळलं, चादर पूर्ण सुती नव्हती, पॉलिस्टर मिक्स होतं, आणि पॉलिस्टरचा धागा द्रावण धरून ठेवत नाही. शंका असेल तर दोन धागे काढून जाळून बघा, सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून गोळी होते.

चादरीचा मोह सोडला. साधं शंभर टक्के सुती कापड घेतलं. तेही तसंच वापरू नका, नवीन कापडाला खळ असते, गरम पाण्यात दोनदा धुऊन घ्या.

१६ फेब्रुवारी

दुसरा प्रयत्न. कापड बरोबर, पण वाळवायला खिडकीच्या खोलीत ठेवलं, पडदा लावला होता तरी कडेने उजेड येत होता. धुतल्यावर पांढरं कुठेच नाही, सगळीकडे फिकट निळा धुरळा. आता बाथरूममध्ये रात्री वाळवते, साधा पिवळा बल्ब चालतो. लावलेलं कापड पिवळट हिरवं दिसायला हवं. उन्हात नेण्याआधीच निळसर झालं असेल तर ते गेलं, त्यावर अजून वेळ घालवू नका.

१८ फेब्रुवारी

हात. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला म्हणून सविस्तर लिहिते.

आधी स्वतःचा हात ठेवला, १२ मिनिटं. तीन गोष्टी बिघडल्या. एक, हाताच्या घामाने कापड ओलं झालं आणि तळव्याच्या जागी पांढऱ्याऐवजी डाग पडला. दोन, बोटं हलली, मला वाटत होतं मी दगडासारखी बसलेय पण ठशात सहा बोटं असल्यासारखं दिसतंय. तीन, घामाने ओल्या झालेल्या द्रावणाला कातडी लागायला नको म्हणून पुढच्या वेळी ग्लोव्ह घातला तर तो उन्हात फुगला आणि कडा विरल्या.

सुधारणा अशी केली की ग्लोव्ह काढला, कापडावर क्लिंग फिल्मचा (पातळ पारदर्शक प्लास्टिकचा) एक ताणलेला थर दिला आणि त्यावर कोरडा हात. भर दुपारच्या उन्हात वेळ ७ मिनिटांवर आला. आणि खरं काम झालं ते कोपराखाली टॉवेलची गुंडाळी आणि मनगटाखाली छोटी घडी दिल्यावर. हात आधाराशिवाय स्थिर राहत नाही. पेशंटला मी रोज असा आधार देते, वळवल्यावर पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये उशी, आणि स्वतःच्या हातासाठी ते सुचायला दोन दिवस लागले.

सात मिनिटं हात न हलवता बसले तेव्हा चौथ्या मिनिटाला तळहाताची कड दुखायला लागली. हाडावर दाब आला की किती लवकर कळतं, आणि मी तर हात काढू शकत होते. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही तो हे तासन् तास सोसतो. हे माहीत नव्हतं असं नाही, अकरा वर्षं माहीत आहे, पण या वेळी अंगावर कळलं. पानावर लिहायचं पहिलं वाक्य मला तिथे उन्हात बसल्या बसल्या मिळालं.

२० फेब्रुवारी

रचना ठरवली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची १८५८ ची वर्तुळाकार आकृती बहुतेकांनी बघितलेली असते, क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंची, वर्षाच्या १२ महिन्यांच्या १२ पाकळ्या. त्यात निळा रंग कशाचा आहे ते मी आज नीट वाचलं, टाळता येण्यासारख्या आजारांनी झालेले मृत्यू निळे, जखमांचे लाल, बाकीचे काळे. आणि सगळ्यात मोठी जागा निळ्याचीच. त्यांनी ते मृत्यू नुसते मोजून ठेवले नाहीत, बघणाऱ्याला टोचेल असे काढून दाखवले. नर्सिंगमध्ये कलेचं काय काम असं कोणी विचारलं तर मी हीच आकृती पुढे करीन.

माझ्या कापडातही निळं म्हणजे टाळता येण्यासारखी इजा, पांढरं म्हणजे हाताने अडवलेली. दर दोन तासांनी वळवायचं म्हणजे दिवसाला १२ वेळा, १२ पाकळ्या, १२ हात. प्रत्येक पाकळी वेगळी छापून नंतर शिवायची, कारण एवढे लोक एका वेळी उन्हात कसे बसवणार. त्रिज्या ४५ सेंटिमीटर, प्रत्येक पाकळी ३० अंश. सगळ्या १२ कापून ठेवल्या. हे घाईचं झालं, पुढे कळेल.

२३ फेब्रुवारी

एक चूक वेळेत लक्षात आली. पाकळ्यांच्या कडेने खऱ्या टर्निंग चार्टची (पेशंटला कधी वळवलं त्या नोंदीच्या कागदाची) अक्षरं छापायची होती, पारदर्शक फिल्मवर प्रिंट काढून. नाव आणि नंबर झाकला की झालं असं मला वाटत होतं. सोबतच्या सिस्टर म्हणाल्या, "अगं तारीख, बेड आणि निदान एकत्र दिसलं तर आपल्या वॉर्डातला कोणीही ओळखेल ना." खरंय. त्या माणसाने आपला कागद माझ्या कलेसाठी दिलेला नाही. सगळं काढून टाकलं. हातही पेशंटचे नकोत, बरं नसताना आपल्यावर अवलंबून असलेला माणूस 'नको' म्हणत नाही. हात फक्त काम करणाऱ्यांचे, आणि त्यांनाही विचारून, कापड कुठे लावणार ते आधी सांगून.

२६ फेब्रुवारी

तीन सहकारी नर्सेसचे हात झाले. ठरवलं होतं की सगळे नर्सेसचेच घ्यायचे. चौथ्या सिस्टरची वाट बघत होतो तेव्हा वॉर्डातल्या मावशी सतरंजी गोळा करायला आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, कूस बदलायला दुसऱ्या बाजूला कोण असतं?"

मला उत्तर द्यायला तोंड नव्हतं. एकटीने वळवलं तर ड्रॉ शीट (पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर) ओढली जाते, कातडी घासते, म्हणून दोघी लागतात हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, आणि माझ्या कापडावर मी एकाच बाजूचे हात घेत होते. मावशींचा हात घेतला. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मामांचा घेतला, त्यांनी सात मिनिटं श्वास पण जपून घेतला. लिहायच्या पानात जिथे जिथे 'मी' होतं तिथे 'आम्ही' केलं. नुसता शब्द बदलून भागलं नाही, दोन परिच्छेद पूर्ण नवे लिहावे लागले.

२ मार्च

सर्वात मोठं नुकसान. झालेल्यांपैकी चार पाकळ्यांच्या कडेला थोडे पिवळे डाग होते म्हणून त्या कपड्यांच्या पावडरने हलक्या हाताने धुतल्या. डोळ्यादेखत निळा फिका पडून पिवळट झाला. प्रशियन ब्लू अल्कलीत टिकत नाही, आणि कपड्यांची पावडर, धुण्याचा सोडा सगळं अल्कलीच. परत आणता येत नाही. चार लोकांना पुन्हा बसवावं लागलं, त्यातल्या दोघी नाइट करून आल्या होत्या. मला त्यांच्यासमोर फार वाईट वाटलं.

बरोबर पद्धत: फक्त साधं गार पाणी, पिवळेपणा पाण्यात उतरायचा थांबेपर्यंत, मला १०-१५ मिनिटं लागतात. बास. निळा पूर्ण गडद व्हायला एक दिवस हवेत जाऊ द्या. घाई असेल तर शेवटच्या पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की लगेच गडद होतो, आम्हाला ते ओळखीचंच.

६ मार्च

सहा पाकळ्या पक्क्या झाल्या. मॅडमना अर्धं काम दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "सगळ्या पाकळ्या सारख्या कशा काय? सगळ्यांना दोनच तास?"

मी दोन तास हा आकडा इतकी वर्षं तोंडपाठ म्हणतेय की तो पेशंटआधी येतो. गादी कुठली आहे, अंगावर मांस किती, बीपी कसं, रात्री झोप लागलीय का, कातडी काय सांगते, यावर अंतर ठरायला हवं. बेडसोरबद्दलच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही वेळ माणूस बघून ठरवा असंच आहे. आणि बघायचं म्हणजे नुसतं डोळ्यांनी नाही. लाल जागेवर बोट दाबलं की पांढरी होऊन परत लाल होते ना, तसं झालं नाही तर इजा सुरू झालीय. पण सावळ्या कातडीवर तो लालपणाच दिसत नाही, तिथे हात लावून गरम आहे का, घट्ट झालीय का, दुखतं का हे कळतं. माझं सगळं तत्त्वज्ञान हातावर उभं आणि पाकळ्या मात्र घड्याळावर कापलेल्या.

म्हणून मोडलं. मनाने एका माणसाचा दिवस ठरवला, कुठल्याही खऱ्या पेशंटचा नाही: २, २, २, ३, २, २, २, ३, २ आणि रात्री झोप लागलेली असताना चांगल्या गादीवर ४. बेरीज २४ तास. तासाला १५ अंश, म्हणजे ३०, ४५ आणि ६० अंशांच्या मिळून १० पाकळ्या. झालेल्या सहा ३० अंशांच्या असल्यामुळे वाचल्या. उरलेल्या सहा कापलेल्यांतली एकच लागणार, पाच वाया. तीन रुंद पाकळ्या नव्याने.

१० मार्च

रुंद पाकळ्यांवर हात लहान दिसायला लागला आणि भोवती निळं जास्त. ६० अंशांच्या पाकळीवर तर एक हात हरवल्यासारखा. तिथे दोघींचे हात शेजारी शेजारी ठेवले. चार तास सोडायचे असतील तर आधी जास्त बघून ठेवावं लागतं, दोन माणसांनी बघितलेलं बरं, असं मी त्यावर पानात लिहिलंय.

न ठरवता एक गोष्ट चांगली झाली. हात पाकळीवर यायचा तर कोपर वर्तुळाच्या मध्याकडून येतं, आणि टोकाला पाकळी हातापेक्षा अरुंद असते, त्यामुळे टोकं सगळी पांढरी राहिली. जोडून ठेवून बघितलं तर मध्ये पांढरी जागा तयार झालीय, जिथे माणूस झोपलेला असतो तिथेच.

१२ मार्च

दहावी पाकळी, शेवटी राहिलेली ३० अंशांची. हिचं मी पहिल्यापासून ठरवून टाळत होते.

काही वर्षांपूर्वी एका रात्री एकामागोमाग दोन ॲडमिशन आल्या आणि एका आजोबांची दोनची वेळ राहिली. चारला गेले तेव्हा ते जागे होते. "सिस्टर, तुम्ही धावपळीत होतात म्हणून हाक नाही मारली," म्हणाले. माकडहाडावर लालपणा होता आणि बोट दाबल्यावर पांढरा झाला नाही. मी चार्टवर खरं लिहिलं, डॉक्टरांना सांगितलं, पुढचे दिवस त्यांना पाठीवर अजिबात ठेवलं नाही आणि ते तिथेच थांबलं, फुटलं नाही. पण ते आजोबा त्रास होत असताना माझी धावपळ बघून गप्प राहिले हे मला अजून विसरता येत नाही.

दहावी पाकळी हाताशिवाय उन्हात ठेवली. पूर्ण निळी, टोकापर्यंत. सात मिनिटं मी शेजारी बसून राहिले.

१४ मार्च

शिवण. इथेही चूक. पाकळ्या कापताना शिवणीची जागा सोडलीच नव्हती. दोन्ही कडांना १-१ सेंटिमीटर आत शिवल्यावर ३० अंशांची पाकळी टोकाकडून जवळजवळ ४ सेंटिमीटर कमी होते, ६० अंशांची फक्त २, त्यामुळे मध्य जुळवला की बाहेरची कड पायऱ्यांसारखी वरखाली. उसवून पुन्हा केलं, संध्याकाळ गेली, तेच आलं. शेवटी सगळ्यात लहान पाकळीच्या मापाने गोल कापून घेतलं. मामांच्या मधल्या बोटाचं टोक अगदी कडेला टेकलंय. तुम्ही आधी कागदावर शिवणीसकट साचा काढा.

इस्त्री करायची तर उलट्या बाजूने आणि कमी गरम.

१७ मार्च

दिलं. एकूण सहा आठवडे, ड्युटीशिवायचे अंदाजे ५० तास, त्यातले निम्म्याहून जास्त वाया गेलेल्या प्रयत्नांचे. द्रावण प्रत्येकी २०० मिली पुरलं, कापड मात्र चौपट लागलं.

मॅडम म्हणाल्या, "निळ्या पाकळीवर निदान एक बोट तरी ठेवायचं होतंस, बघणाऱ्याला दिलासा मिळाला असता." मी नाही म्हटलं. त्या रात्री तिथे कोणाचं बोट नव्हतं.

कापड सध्या वॉर्डाच्या आतल्या पॅसेजमध्ये लावलंय, खिडकी समोर नाही अशा भिंतीवर. सतत उन्हात राहिलं तर निळं फिकं होतं, काही दिवस अंधारात ठेवलं की बरंचसं परत येतं. पुसायला ओलं फडकं आणि फिनेल वापरू नका असं सफाईच्या ताईंना सांगून ठेवलंय. मावशींनी आपला हात अंगठ्यावरून ओळखला. पहिल्या बाटलीत अजून ४० मिली आहे, कोणाला ट्रायल करायची असेल तर माझ्या लॉकरमध्ये ठेवलीय, तारीख लिहिलेली आहे, बुरशी आली नाही ना ते बघून घ्या.